घरमा कसाले कागद?

प्रश्न : आक्का, रामराम. आम्ही तिघं भाऊ, अमळनेर तालुक्यातले. मोठा लग्नांचं शूटिंग करतो, मधला नाटकात कामं करतो, मी एडिटिंग शिकलोय. वडील म्हणतात, यंदाच्या कपाशीचे पैसे घ्या, घरचीच कंपनी काढून मराठी सिनेमा करा. करार करावा असं मला वाटतं, पण आई रागावते. तुमच्या सासरी अशी कंपनी होती म्हणून विचारतो.

उत्तर : रामराम भाऊ. माझ्या सासूबाईही हेच म्हणायच्या, "घरमा कसाले कागद?" दिग्दर्शन आमच्या ह्यांचं, कॅमेरा धाकट्या दिराचा, हिशेबाची वही माझी, निर्माता म्हणून नाव जेठांचं, कारण ते थोरले. यावलकडे एका केळीच्या बागेत २२ दिवस शूटिंग चाललं. सासूबाई पहाटे चारला चूल पेटवून ४० माणसांच्या कळण्याच्या भाकरी थापायच्या. थंडीचे दिवस, म्हणून रोज भरीत. मुंबईचा मेकअपवाला पाचव्या दिवशी हात जोडून म्हणाला, "वहिनी, आज वरण-भात मिळेल का?"

पुढे एका वाहिनीने सिनेमा घेतला आणि चेक जेठांच्या नावाने आला. त्यात त्यांची लबाडी नव्हती. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा कर्ता, आणि म्हणून हक्काचा पहिला मालक, म्हणजे निर्माता; दिग्दर्शक नव्हे, कॅमेरामन तर नव्हेच. कुणाचा किती वाटा, हे आम्ही कुठे लिहिलंच नव्हतं. दोन दिवाळ्या घरात अबोला होता. हा हक्क सिनेमा प्रदर्शित झाल्यावर पुढची ६० वर्षं चालतो, म्हणजे भांडण नातवंडांपर्यंत पोचू शकतं!

तेव्हा निर्माता म्हणून एका भावाचं नाव नको, तिघांच्या फर्मचं घाला. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरही तेच येऊ द्या. पण साध्या भागीदारीत फर्मचं कर्ज थकलं तर सावकार भागीदारांच्या घरादारापर्यंत येतो. म्हणून वडिलांना भागीदार करू नका, जामीनही ठेवू नका. कपाशीचे पैसे त्यांच्याकडून उसने घेतले असं लिहून द्या. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, केली तर जोखीम बरीचशी गुंतवणुकीपुरतीच राहते. जळगावातल्या एखाद्या सीएला तेवढं विचाराच.

आईंच्या बाबतीत मात्र मला वेगळंच सांगायचंय. दादासाहेब फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई युनिटचा स्वयंपाकही करायच्या आणि फिल्मही धुवायच्या. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मधला रोहिदास त्यांचाच मुलगा. घरच्यांच्या जिवावर सिनेमा करायची रीत इतकी जुनी आहे. माझ्या वहीत जनरेटरचं डिझेल होतं, बैलगाडीचं भाडं होतं, सासूबाईंच्या भाकरींचा रकाना नव्हता. दुसऱ्या सिनेमाला त्या आजारी पडल्या, बाहेरून जेवण मागवलं, आणि आठव्या दिवशी मला कळलं की पहिला सिनेमा आम्हाला वाटला तेवढा स्वस्तात झालाच नव्हता.

आईंचा रोज वहीत लिहा, भाऊ. त्या नको म्हणतील. तरी लिहा, आणि करारावर सह्या करायला बसाल तेव्हा तीच वही त्यांना दाखवा.