गोचीड, रॉकेल आणि घरातले मांजर

प्रश्न : आमचा तीन वर्षांचा लॅब्रेडोर रोज सकाळी माझ्याबरोबर वेताळ टेकडीवर येतो. पावसाळा सुरू झाल्यापासून त्याच्या कानांत व बोटांच्या बेचक्यांत गोचीड सापडतात. शेजारच्या काकूंनी रॉकेल लावायला सांगितले आहे. घरात मांजरही आहे. काय करावे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : रॉकेल मुळीच लावू नका, त्याने कातडीचा दाह होतो आणि कुत्रा ते चाटतो, हे त्याहून वाईट. गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून, न पिरगळता, सरळ ओढून काढावी. ती बोटांनी चिरडू नये. सगळा दोष मात्र टेकडीला देऊ नका. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तर भिंतीच्या भेगांत आणि फरशीच्या सांध्यांत काढते, तिथेच हजारावर अंडी घालते. त्यामुळे केवळ कुत्र्याला आंघोळ घालून प्रश्न सुटत नाही. त्याचे अंथरूण गरम पाण्यात धुवावे, भेगा बुजवाव्यात आणि गोचीडनाशक औषध पशुवैद्यांकडून वजनानुसार ठरवून घ्यावे. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असते, जे मांजरासाठी जीवघेणे ठरू शकते. म्हणून औषध घेताना घरात मांजर असल्याचे आवर्जून सांगा.

कुत्र्याने खाणे सोडले, अंग तापले, हिरड्या फिकट दिसल्या किंवा नाकातून रक्त आले, तर गोचीडताप असू शकतो. त्याच दिवशी प्लेटलेटसह रक्ततपासणी करून घ्यावी.