शंका शिकवावी की शाश्वतता?

प्रश्न : मी पदवीच्या वर्गांना पर्यावरण हा विषय शिकवते. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत अपेक्षित तेच लिहितात : प्लॅस्टिक वाईट, कापडी पिशवी चांगली. त्यांना शंका घ्यायला लावले, की काही जण ‘मग काहीही केले तरी फरक पडत नाही’ इथवर येऊन थांबतात. शाश्वत विकास आणि चिकित्सक विचार यांची सांगड कशी घालावी?

उत्तर : आपले पिशवीचे उदाहरणच तासाला घ्यावे. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जीवनचक्र मूल्यमापनानुसार (म्हणजे वस्तू तयार होण्यापासून टाकून देईपर्यंतच्या पर्यावरणीय परिणामांच्या हिशेबानुसार) साधी सुती पिशवी दुकानातल्या नेहमीच्या प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला येण्यासाठी, हवामान बदल हा एकच निकष धरला तर ५२ वेळा आणि सर्व निकष धरले तर ७,१०० वेळा वापरावी लागते. हे ऐकून वर्ग चकित होतो. पण तास इथे संपवला, तर एका पाठांतराच्या जागी दुसरे येते, आणि आपण म्हणता ती हताशाही इथेच उगवते.

म्हणून पुढे याच आकड्यांची उलटतपासणी करायला सांगावे. दुसरा आकडा एवढा फुगला तो मुख्यतः ओझोन थराच्या हानीच्या एका निकषामुळे. शिवाय उघड्यावर पडणाऱ्या कचऱ्याचा परिणाम तिथे नगण्य मानून हिशेबाबाहेर ठेवला होता. जिथे प्लॅस्टिक नाल्यांतून समुद्रात जाते, तिथे हे गृहीतक टिकेल का? हिशेबाची सीमा कुणी आखली आणि ती हलवली तर निष्कर्ष किती हलतो, हे पाहणे म्हणजेच चिकित्सा. नुसता नकार देण्याला बुद्धी फारशी लागत नाही.

शेवटी प्रत्येकाकडून लेखी निर्णय मात्र अवश्य घ्यावा : कोणत्या परिस्थितीसाठी, कोणता निकष महत्त्वाचा मानून, आणि कोणता पुरावा मिळाल्यास मी मत बदलेन. गुण युक्तिवादाला द्यावेत. परस्परविरोधी निर्णयांच्या दोन उत्तरांना सारखे गुण पडले तर बिघडत नाही. (आदर्श उत्तरांच्या छापील संचाला यात जागा उरत नाही, याची तयारी ठेवावी.)

हीच कसोटी आपल्या विषयाच्या पायालाही लावू द्यावी. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाच्या १९८७ च्या अहवालातील शाश्वत विकासाची व्याख्या भावी पिढ्यांच्या ‘गरजां’वर उभी आहे. त्या गरजा कोणत्या आणि त्या ठरवणार कोण, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला, तर त्याचे उत्तर लगेच देऊ नये; पुढचा तास त्यालाच द्यावा.