कुलपं लावलेली घरं आणि तुझी एक रूम

अगो,

काल पाठवलेले रूमचे फोटो बघितले, आणि खाली तू लिहिलंयस ते पण वाचलं, "ताई, भाडं 7,000, डिपॉझिट 30,000, मालक मुंबईला असतात, शेजारचे काका चावी देतील, घेऊ का?" चार ओळींत उत्तर देणार होते, ते काही जमेना, म्हणून हे बसून लिहितेय. नाईट करून आली असशील तर आधी झोप काढ, मग वाच.

तू घाटावरची, म्हणून तुला एक गोष्ट चमत्कारिक वाटली असणार. रत्नागिरीत उतरल्यापासून तू रूम शोधतेयस, सगळे म्हणतात रूम नाही, आणि वाडीवाडीतून चाललं की जांभ्या दगडाची चांगली घरं नुसती कुलपं लावून उभी. मालक परळला नाहीतर विरारला, वर्षातून तीनदा येणार, गणपती, शिमगा आणि मे. बाकीचे दिवस वाळवी राहते. मग देत का नाहीत भाड्याने? कोणा म्हाताऱ्याला विचारून बघ, एकच उत्तर मिळेल, "नको गो, कूळ लागेल." 1 एप्रिल 1957 ला कूळकायद्याने कसणारा कूळ जमिनीचा मालक ठरला, ते ह्यांच्या आज्याने बघितलं आणि ती भीती घरात तशीच राहिली. तो कायदा शेतजमिनीचा, राहत्या घराचा त्याच्याशी संबंध नाही, पण भीती काही सातबारा बघून बसत नाही. म्हणून जे थोडे लोक रूम देतात ते मागतील ते भाडं आणि घालतील त्या अटी, आणि आपण म्हणजे उपकाराखाली.

ही भीती तू नीट लक्षात ठेव, कारण तुला तिचाच उपयोग करायचाय. मालकाला सांग की काका, आपण लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहायला द्यायचा करार, करू आणि रजिस्टर करू, नुसता स्टॅम्पपेपर आणि नोटरी नको. ते म्हणतील अगं अकरा महिन्यांचं तर आहे, रजिस्टर कशाला, सगळे असंच करतात. सगळे करतात हे खरंय, पण आपल्याकडे 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे, त्याचं कलम 55 म्हणतं करार लेखी हवा, रजिस्टर हवा, आणि ती जबाबदारी मालकाची, तुझी नाही. अकरा महिने असो की तीन वर्षं. रजिस्टर केला नाही आणि वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या ह्याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरतात, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर, आणि मालकाला 5,000 पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे त्यांना दम दिल्यासारखं सांगू नकोस हां, तुझ्या तोंडाला ते शोभणारही नाही. उलट असं सांग की मुदत संपली आणि मी नाही गेले तर कलम 24 खाली तुम्हाला घर परत मिळतं आणि तोवरची भरपाई भाड्याच्या दुप्पट दराने. म्हणजे कूळ लागायची भीती असेल तर तिच्यावरचा उतारा हाच कागद आहे. मी हे तीन मालकांना असंच सांगितलं, दोघं तयार झाले. तिसऱ्याने रूमच दिली नाही, ते बरंच झालं. आणि कलम 24 तुलाही लागू आहे, मुदत संपली की निघायचं किंवा आधीच नवीन करार करायचा, "बघू नंतर" करत बसायचं नाही.

खर्च म्हणशील तर स्टॅम्प ड्युटी एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर धरलेलं वर्षाचं 10 टक्के व्याज, त्याच्यावर पाव टक्का. तुझ्या आकड्यांना अकरा महिन्यांचं ते साधारण 200 रुपये होतात. रजिस्ट्रेशन फी शहरात 1,000, ग्रामीण भागात 500. आता ऑनलाईन आधार आणि अंगठ्यावर होतं, मालक मुंबईत बसूनही अंगठा देऊ शकतात, म्हणून "मला यायला वेळ नाही" हे ऐकून घेऊ नकोस. एजंट स्वतःचे वर घेतो ते आधी विचार, आणि कोण किती भरणार ते पण. अर्धेअर्धे म्हणाले तर हो म्हण.

आता खरी गोम. मालक मुंबईला आणि चावी काकांकडे, तर मालक कोण नक्की? माझं काय झालं ते तुला कधी सांगितलं नसेल. 2006 ला गुहागर तालुक्यात होते, एका मोठ्या घराची पडवीकडची खोली आणि न्हाणी, भाडं 900, देत होते मोठ्या भावाला, माणूस सरळ, पावती मागितली तर वहीच्या पानावर लिहून द्यायचा. घर चौघा भावांचं सामाईक हे मला माहितीच नव्हतं. मे महिन्यात धाकटा आला मुंबईहून, बायकामुलांसकट, आणि मी ड्युटीवरून येतेय तर माझ्या खोलीच्या कडीला दुसरं कुलूप आणि माझी बादली, स्टोव्ह, गादी खळ्यात, तुळशीपाशी ओळीने मांडून ठेवलेली. भांडी घासून ठेवली होती, हे मला अजून आठवतं, खरकटी नव्हती टाकली. मोठा भाऊ म्हणाला तो ऐकत नाही हो माझं. डिपॉझिट 3,000 होतं, ते आजतागायत येतंय. दोन महिने मी मैत्रिणीकडे काढले.

म्हणून तू काकांकडून घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा माग, त्याच्यावर किती नावं आहेत ते मोज. एकाहून जास्त असली तर बाकीच्यांचं संमतीपत्र, निदान त्यांच्यातल्या एकाशी तरी फोनवर बोल. नाव काकांचं नसेल तर करारात काकांची सही चालणार नाही, मालकाने त्यांना सहीचा अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र असेल तर गोष्ट वेगळी. आणि गणपतीचं आत्ताच बोलून घे. "पाच दिवस रूम खाली कराल ना, आमची माणसं येतात" हे भाद्रपदात कळण्यापेक्षा आज कळू दे, त्या दिवसांचं भाडं कापायचं का ते पण. मे मध्ये मात्र रूम सोडायची नाही असं लिहून घे. आता तर गणपतीपुळे, दापोली, मालवणकडे होमस्टेचा जोर आहे, एखाद्या लांब वीकेंडला टुरिस्ट जे देतो ते तू महिनाभर देतेस, म्हणून मालकाचं मन सीझनला डळमळतंच, त्यात त्याची पण फार चूक म्हणता येत नाही.

रूम तू फेब्रुवारीत बघतेयस हे एक वाईट. फेब्रुवारीत कोकणातलं प्रत्येक घर सुंदर दिसतं. वळचणीला उभी राहून वर बघ, कौलं सरकलीत का, आणि शाकारणी कोण करणार, कधी, कोणाच्या पैशाने, हे करारात एका ओळीत घाल, पावसाच्या तोंडावर माणूस मिळत नाही. फोटोत तुझ्या रूमची एक भिंत खाली वेगळ्या रंगाची दिसतेय, कपाटाच्या मागे, तिथे हात लावून बघ. चिपळूणला होते तेव्हा 2022 ला एक रूम बघायला गेले, भिंतींना छातीपर्यंतच नवा ऑईलपेंट आणि वर जुना चुना. मी काही बोलले नाही, शेजारच्या बाईने मला खूण दाखवली, आदल्या वर्षीच्या पुरात, 22 जुलै 2021 ला, वाशिष्ठी नदीचं पाणी तिथपर्यंत आलं होतं. रत्नागिरीत तसा पूर नसेल पण ओल असते, आणि ओलीवर रंग मारणारे सगळीकडे सारखेच.

पाण्याचं विचारताना "पाणी आहे का" असं विचारू नकोस, "मे मध्ये विहिरीला पाणी असतं का" असं विचार. एवढा पाऊस पडतो आणि जांभ्यातून सगळा निघून जातो, एप्रिलपासून टँकरचे पैसे भाडेकरूकडून, हा नेहमीचा प्रकार आहे. लाईटचा मीटर वेगळा नसेल तर महावितरणचे दर टप्प्यांचे असतात, 100 युनिटपर्यंत स्वस्त, पुढे महाग, दोन घरं एका मीटरवर आली की वरच्या टप्प्यात जातात आणि तू एकटी पंखा लावणारी मालकाच्या एसीचं बिल भरतेस. सबमीटर माग आणि पहिल्या दिवशी रीडिंगचा फोटो काढ.

भाडं. तुझ्या हातात 20,000 येतात, ते पण कंत्राटी, कधी दहाला कधी पंचवीसला, त्यात 7,000 म्हणजे जास्त झाले, मी 5,500 च्या वर जाणार नाही. थोडं लांब, पाली-हातखंब्याकडे स्वस्त मिळेल, मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून तो हिशोब जमतोही, पण तुला नाईट आहे, शेवटची गाडी चुकली की रिक्षावाला सांगेल ते, तेव्हा आधी टाईमटेबल बघ मग भाडं बघ. 30,000 डिपॉझिट मात्र अजिबात नाही. केंद्राने 2021 ला आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला त्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट नको असं आहे, राज्याने स्वीकारला तरच तो चालतो, पण घासाघीस करताना बोलायला आकडा मिळाला. दोन महिन्यांवर ये, फार तर तीन. भाडं ऑनलाईनच पाठव, काकांच्या हातात रोख नाही.

आणि हो, "मच्छी करता का" विचारतील. त्याच्या मागे आडनावाची चौकशी असते हे तुला कळेलच, मला अजून राग येतो. खोटं सांगू नकोस, बांगडा भाजला की वास लपत नाही, आणि रोज धाकात जेवण्यापेक्षा दुसरी रूम बरी.

मी रविवारी सकाळच्या गाडीने येते, साडेदहाला स्टँडवर थांब. काकांना सांग ताई येतायत आणि असेसमेंट उतारा बघायला मागतील. कपाट सरकवायला तुझ्या त्या लॅबवाल्या मित्राला पण बोलव.

तुझी,
ताई