गोल्फ खेळताना चेंडू सारखा उजवीकडे जातो. फटक्याच्या वेळी क्लबफेस (क्लबचा, म्हणजे काठीचा, चेंडूला लागणारा सपाट भाग) सरळ कसा ठेवायचा?

आधी ग्रिप (क्लब धरायची पकड) बदला, फेस उघडा (लक्ष्याच्या उजवीकडे वळलेला) राहायचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. उजव्या हाताने खेळत असाल तर डावा हात दांड्यावर थोडा उजवीकडे फिरवा. वरून पाहिल्यावर मुठीचे दोन-तीन उंचवटे दिसायला हवेत. बॅकस्विंगच्या (क्लब मागे उचलण्याच्या) टोकाला डावं मनगट मागे मोडू देऊ नका, त्यानेही फेस उघडतो. ऐन वेळी हात वळवून फेस जुळवायला तर जाऊच नका: क्लब-चेंडूचा स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. रडारच्या मोजणीत दिसतं की चेंडू मुख्यतः फेसच्याच दिशेने सुटतो, त्यामुळे तो निघतो कुठे ते बघा. मात्र ड्रायव्हरचा (लांब फटक्यांच्या क्लबचा) फटका हीलकडे (फेसच्या दांड्याजवळच्या टोकाकडे) बसत असेल तर फेस सरळ असूनही चेंडू उजवीकडे वळतो. फेसवर पावडर मारून खूण कुठे उमटते ते तपासा.