आधी चिठ्ठी, मग चिंच

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. वाड्यातून आलेल्या सामानाचे तू तीन ढीग केलेस म्हणतेस: ठेवायचं, परत द्यायचं आणि मोडीत. पहिल्यात समया, करंडे, नक्षीचा अडकित्ता. तिसऱ्यात विळ्या, चाळण्या, जर्मनची पातेली, तळ गेलेला बंब. आणि खाली विचारतेस, 'मॅडम, हे तर सगळ्यांच्याच घरी होतं, मग याला संग्रहात जागा का द्यायची?'

जुन्याचं महत्त्व वगैरे मी तुला सांगत बसणार नाही. ते ठाऊक नसतं तर महिनाभर त्या धुळीत तू शिंकत बसली नसतीस. मला राग आला तो दुसऱ्याच वाक्याचा, आणि तू ते अगदी सहज लिहून गेली आहेस: 'पहिल्या ढिगातली भांडी चिंचेनं लख्ख करून घेतली आहेत.'

कुणाला विचारून?

रागावू नकोस. हे मीच केलंय, म्हणून बोलतेय.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आम्ही नारायण पेठेत, नदीच्या अंगाला राहत होतो. मी सात वर्षांची. आईनं देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात बांधला, आम्हा दोघा भावंडांना पुढे घातलं आणि आम्ही पर्वतीकडे धावत सुटलो. परत आलो तेव्हा खालच्या खोल्यांत गुडघाभर चिखल होता. त्यात कडीकोयंड्याचा पितळी डबा आडवा पडलेला, आत फुगून आंबलेली तूरडाळ. आईनं तो धुतला, उन्हात पालथा घातला आणि पुढची तेवीस वर्षं त्यात गहू ठेवले. फक्त झाकणाच्या वळलेल्या काठात मुठेचा गाळ घट्ट बसला होता, काळसर, दोऱ्याएवढी रेघ. तो तिथेच राहिला.

१९८४ साली मी ज्या संग्रहात नोकरीला होते तिथे एक प्रदर्शन ठरलं. मी मोठ्या हौसेनं तो डबा नेला. आदल्या रात्री चिंच-मीठ घेऊन बसले. काठातला गाळ निघेना, तर टाचणीनं कोरून काढला. सकाळी डबा आरशासारखा. आईनं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "निघाला का अखेर?"

तिनं तो मुद्दाम ठेवला होता की नुसताच राहिला होता, हे मी विचारलं नाही. कामाची घाई होती. पुढच्या वर्षी ती गेली. आता त्या डब्याखाली माझ्याच अक्षरात कार्ड आहे: 'पितळी डबा, विसावे शतक.' असे डबे पुण्यात हजारांनी होते. पुराची रेघ असलेला एक होता, तो मी मोरीत घालवला.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे आणि ते ऐकून लोक कंटाळलेत: आधी चिठ्ठी, मग चिंच. वस्तू दारातून आत आली की आधी चिठ्ठी. पुसायच्या आधी, फोटोच्या आधी, 'अय्या किती गोड' म्हणायच्याही आधी.

चिठ्ठीवर काय लिहायचं? माप, धातू हे तू लिहितेसच, त्यात काही विशेष नाही. कुणाची, कुणी दिली, घरात कुठे असायची, त्या घरात तिला काय म्हणायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती वापरातून कधी गेली आणि का. हा शेवटचा प्रश्न कुणीच विचारत नाही. 'गॅस आला त्या वर्षी', 'सासूबाई गेल्यावर', 'कल्हईवाला यायचा बंद झाला तेव्हा.' पितळेच्या पातेल्यातली कल्हई, म्हणजे आतला कथलाचा लेप, उडाली की ताक कळकतं, धातू लागून बिघडतं, हे तुझ्या पिढीनं ऐकलेलंसुद्धा नसेल. कथील आणि नवसागर घेऊन भाता लावणारा माणूस गल्लीत यायचा थांबला आणि स्टील घरात शिरलं. पितळ मोडीत गेलं, स्टील आलं, जुन्या साड्यांवर बोहारणीकडून आणखी आलं. एका पेठेतलं हे सगळं स्थित्यंतर तुझ्या तिसऱ्या ढिगात पडलंय आणि तू समयांना चकाकी देत बसली आहेस!

बरं, चिंचेनं नुसता मळ जात नाही. दर घासणीला धातूचा पापुद्रा जातो. तांब्या-गडव्यांवर छिन्नीनं टिंब टिंब ठोकून घातलेली नावं असतात ना, ती उथळ असतात. आमच्याकडे एक गडवा होता, त्यावर दोन नावं. पहिलं ठोकून बुजवलेलं, त्याच्याखाली दुसरं, वेगळ्या हाताचं. भांडी घासायला आलेल्या बाईंनीच मला ते दाखवलं, मला दिसलंही नव्हतं. देणाऱ्यांकडे तिसऱ्यांदा गेले तेव्हा कळलं की घरातली पहिली सून बाळंतपणात गेली, दुसरी बिजवराला दिलेली. तिच्या माहेरी पैसे नव्हते, म्हणून पहिलीच्याच रुखवतातला गडवा नाव बदलून तिचा केला. उजेड तिरपा पडला तरच पहिलं नाव वाचता येतं. आणखी दहा दिवाळ्या घासला असता तर गडवा उरला असता आणि ती बाई गेली असती.

'सगळ्यांच्याच घरी होतं' या तुझ्या वाक्याकडे परत येते. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय उभं करणाऱ्या काकासाहेब केळकरांनी १९२० च्या सुमारास गोळा करायला सुरुवात केली तेव्हा वज्री कुणाच्या न्हाणीत नव्हती? टाचा घासायचं साधन ते! आज तुझ्या न्हाणीघरात आहे का? लोकांनी अडगळ म्हणून काढलेले दिवे, अडकित्ते, दौती, कुलुपं जमवत त्यांनी वीस हजारांवर वस्तू उभ्या केल्या, लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये सगळं शासनाच्या स्वाधीन केलं. लोक तिथे कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल बघायला जातात. जाऊ देत. तू जाशील तेव्हा स्वयंपाकघरातल्या वस्तूंपाशी थांब आणि हातात धरायच्या जागा बघ.

त्या ढिगातल्या विळ्यांचं तेच सांगतेय. एक उचल. पातं मध्येच झिजून खोलगट झालंय का? पाटाच्या कुठल्या बाजूचं लाकूड गुळगुळीत आहे? ती गुडघा टेकायची बाजू. पाट सपाट असेल तर विळी फार वापरलेली नाही, कदाचित मुंजी-लग्नापुरती माळ्यावरून काढत असतील. हे पॉलिश मारल्यावर कळत नाही, म्हणून म्हणते, आधी चिठ्ठी.

आणि कृपा करून प्रत्येक वस्तूला 'पेशवेकालीन' म्हणू नकोस. पुण्यात हा रोग आहे. पेशवाई १८१८ ला बुडाली, त्यानंतरही या शहरात लोक दोन वेळ जेवत होते, भांडी विकत घेत होते. तांबट आळीत आजही भांडी मठारतात, हातोडीनं ठोकून घडवतात. हातोडीच्या ठशांवरून शतक सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. कळत नसेल तर चिठ्ठीवर जागा कोरी सोड. कोरी जागा पुढे कुणीतरी भरतं, पण थापेवर सगळे विश्वास ठेवतात.

मला हट्टी म्हणतात, ते तुझ्याही कानावर आलं असेल. एकदा कुणी मोठे पाहुणे येणार होते, वरून हुकूम आला की सगळं पितळ चमकलं पाहिजे. मी किल्ली दिली नाही. काळवंडलेल्या भांड्यांपुढेच हारतुरे झाले आणि मला मांडणीच्या कामातून काढून पुढची सहा वर्षं नोंदवहीवर बसवलं. शिक्षा म्हणून. त्या सहा वर्षांत मी साडेअकराशे चिठ्ठ्या लिहिल्या, तेव्हा कुणाचं नुकसान झालं ते तूच ठरव. माझंच बरोबर होतं. जरा गोड बोलून करता आलं असतं, हेही खरं. पण माझ्या डोळ्यांसमोर तो डबा होता आणि तो मी तेव्हा कुणाला सांगितला नव्हता. आज पहिल्यांदा लिहितेय.

लिहायला शिसपेन्सिल घे, बॉलपेनची शाई फुटते. चिठ्ठी सुती दोऱ्यानं बांध, चिकटपट्टी लावलीस तर मी स्वतः येऊन काढीन. आणि कागदाला कसर लागते, म्हणून तेच सगळं वहीतही उतरव. घासलेल्या समयांचं आता काय करायचं म्हणशील, तर 'घासली, अमुक तारखेला, मी' एवढं त्यांच्या चिठ्ठीवर लिही. लाज वाटेल. वाटू दे.

तिसऱ्या ढिगाला मात्र हात लावू नकोस. त्यातली बारीक भोकांची चाळण कुणी दिली म्हणालीस? ज्या आजींनी 'ही मिलो चाळायला घेतली होती' असं म्हटलं आणि तू हसून पुढे गेलीस, त्यांनी? मिलो म्हणजे रेशनवर मिळायची ती परदेशी लाल ज्वारी, बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही खाल्लीय. भाकरी थापताना तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. चाळून काय काढायच्या, भाकरी होण्यासाठी त्यात काय मिसळायच्या, कुणाला आधी वाढायच्या, हे तू विचारलंच नाहीस.

त्या एक्क्याण्णवच्या आहेत. या आठवड्यात जा, गणपतीनंतर म्हणू नकोस. दुपारी झोपतात, तेव्हा चारनंतर. उजव्या बाजूला बस, डाव्या कानानं ऐकू येत नाही. चाळण बरोबर ने, त्यांच्या हातात दे आणि मग गप्प राहा.

तुझी,
मॅडम