त्यांच्याकडूनही काही घे

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा खळ्यावर तू विचारलंस, "काका, कांदा घेणारी कोलंबोची पार्टी सोडून देऊ का? पैसे उशिरा येतात, वर तिकडची ड्युटी रातोरात बदलते. त्यापेक्षा दुबई बरी." मी धड उत्तर दिलं नाही. लिलावाची वेळ झाली होती, आणि खरं सांगायचं तर मला रागही आला होता. तुझा नाही. तू जे बोललीस तेच पिंपळगाव-लासलगावचा निम्मा बाजार कधीपासून बोलतोय, त्याचा.

तू हुशार आहेस वगैरे लिहीत बसत नाही. उलट एक प्रश्न विचारतो. कोलंबोला तू इतका कांदा विकलास, त्यांच्याकडून घेतलंस काय?

काही नाही. मग त्यांच्याकडे डॉलर येणार कुठून?

2022 साली तू कॉलेजात असशील. त्या एप्रिलमध्ये श्रीलंकेनं परदेशी कर्ज फेडणं थांबवलं. पेट्रोलला रांगा, औषधं नाहीत, दुधाची पावडर नाही. भारतानं त्या वर्षी सुमारे 4 अब्ज डॉलरची मदत केली, ते चांगलंच झालं. पण वर्षाकाठी आपण त्यांना चार अब्ज डॉलरच्या आसपास माल विकतो आणि दीड अब्जाच्या आतबाहेर घेतो, हेही बघ. उरलेले डॉलर त्या बिचाऱ्यांनी चहा, कपडे आणि पर्यटक यांतून जमवायचे. ते आटले की पहिली कुऱ्हाड आयातीवर. गाड्यांची आयात त्यांनी 2020 मध्ये बंद केली ती खुली व्हायला 2025 उजाडलं. तुझं पेमेंट उशिरा आलं त्यात त्या पार्टीचा लबाडपणा किती आणि बँकेत डॉलर नसणं किती, याची चौकशी तरी केलीस का?

शेजारच्या घरी भाजीची वाटी पाठवली तर ती रिकामी परत येत नाही, हे तुझ्या आजीनं तुला शिकवलं असेल. शेजारी जेव्हा फार लहान असतो तेव्हा त्याला वाटी भरता येईल असं काहीतरी आपणच मागून घ्यायचं असतं. एवढंच म्हणणं आहे माझं. विकतेस त्याच्याकडून घे.

तू म्हणालीस, आता रुपयात व्यवहार होतो, डॉलरची कटकट गेली. रिझर्व्ह बँकेनं जुलै 2022 मध्ये ती सोय केली, खरं आहे. मालदीवबरोबरही स्थानिक चलनाचा करार झालाय. पण सोय म्हणजे नळ, पाणी नव्हे. कोलंबोच्या बँकेत रुपये साठायचे तर आपण त्यांचा माल घ्यायला हवा, किंवा आपली माणसं तिकडे फिरायला जायला हवीत. (जातातही, श्रीलंकेत सर्वांत जास्त पर्यटक आपलेच. नाशिकचा माणूस कँडीला जाऊन फोटो काढतो तेव्हा तुझ्या कांद्याचं पेमेंट थोडं सोपं करून येतो, हे त्याला माहीत नसतं.)

आता ड्युटीचं. कांदा-बटाट्यावर ते स्पेशल कमोडिटी लेव्ही, म्हणजे आयातीवरचा खास कर, लावतात, आणि त्यांचा स्वतःचा कांदा निघाला की ती वाढवतात. मातळे जिल्हा, डंबुल्लाची मोठी बाजारपेठ, तिकडचा शेतकरी पावसाळ्याच्या शेवटी कांदा काढतो. नेमका तेव्हाच आपला उन्हाळ कांदा चाळीतून निघून कोलंबोत पेट्ट्याच्या घाऊक बाजारात पोचला की त्याचा भाव पडतो. त्याच्या सरकारनं त्याला आडोसा दिला तर तू कपाळावर आठ्या घालतेस. भाव पडला की मुंबई-आग्रा हायवेवर बसणारे आपणच ना? वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांच्या हंगामाचं कॅलेंडर घे, त्यांच्या काढणीच्या महिन्यांत कमी पाठव. हे कुठल्याही वेबिनारमध्ये सांगत नाहीत.

आणि आपण काय कमी धसमुसळे आहोत? ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात थेट बंदी, मे 2024 मध्ये बंदी उठली पण टनाला 550 डॉलरची किमान निर्यात किंमत आणि तेच 40 टक्के शिल्लक. शेवटचं 20 टक्के शुल्क जायला एप्रिल 2025 आला. त्या काळात सरकारी मार्गानं सहा देशांना मिळून 99,150 टन सोडला, त्यात श्रीलंका होती. मालदीवला 1981च्या करारातून वेगळा कोटा दिला, कांदा 35,749 टन, शिवाय तांदूळ, अंडी, बांधकामाची वाळूसुद्धा. तेही नुकतंच दोन्हीकडून समाजमाध्यमांवर शिव्याशाप होऊन गेले असताना. हे मला पटलं. पण कोट्याबाहेर रोजचा धंदा करणाऱ्या पेट्ट्याच्या व्यापाऱ्यानं पाकिस्तान आणि चीनचे नंबर फोनमध्ये घालून घेतले ते घेतलेच. माझा जुना माणूस त्यातलाच. आमची ओळख तुझ्या वयाएवढी. आज त्याचा मुलगा माझा फोन उचलतो, नीट बोलतो, भाव विचारतो आणि दुसरीकडून घेतो. मला राग येत नाही, वाईट वाटतं. त्याच्याकडून मी लवंग घेत होतो तोवर तो मला सोडत नव्हता. माझी खरेदी कमी झाली आणि मग तो सुटला. माझं गणित यापेक्षा मोठं नाही.

घेऊ काय, हे विचारशील. मालदीवकडून अवघड आहे, कबूल. त्यांच्याकडे टुना मासा आहे, आणि आपण आणतो ते मुख्यतः भंगार. तो विषय नाशिकच्या आवाक्यातला नाही, सोड. श्रीलंकेकडून मात्र लवंग, मिरी, दालचिनी. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात लवंग लागते, नाशिकच्या भद्रकाली बाजारात ती रोज विकली जाते, आणि ती कुठून आली हे दुकानदाराला विचारलंस तर तो गोणीकडे बघतो. सँपल आलं की देठात नख रुतवून बघ. तेल नखावर आलं पाहिजे, वास बोटाला दुपारपर्यंत राहिला पाहिजे. पाण्याच्या ग्लासात टाक, चांगली लवंग बुडते किंवा उभी तरंगते; आडवी पडली तर तेल आधीच काढून घेतलंय. टोपी गळालेली बोंडं किती, तेही मोज. दालचिनीचं तसंच. त्यांची खरी दालचिनी म्हणजे पातळ सालींचे थर एकात एक गुंडाळलेले, हाताने चुरता येणारी नळी. आपल्याकडे सर्रास मिळतं ते जाड एकेरी साल, कॅसिया. खरी महाग आहे म्हणून खपणार नाही असं बाजार म्हणतो. बाजार काय, द्राक्षं युरोपात जातील यावरही हसला होता.

एक सावधगिरी. जे घेशील ते तिथल्या मातीतलं घे. 2000 साली भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार लागू झाला आणि आपल्याच लोकांनी तिकडे वनस्पती तुपाचे कारखाने काढले, कारण पाम तेलावर तिथे शुल्क कमी. बाहेरचं तेल, लंकेचा शिक्का, माल भारतात. शेवटी आपण वर्षाला अडीच लाख टनांची मर्यादा घातली. मिरीचंही तेच, व्हिएतनामची मिरी लंकेमार्गे येते अशी केरळ-कर्नाटकच्या बागायतदारांची ओरड झाली आणि डिसेंबर 2017 मध्ये किलोला 500 रुपये किमान आयात किंमत बसली. तेव्हा उगमाचा दाखला आला म्हणून खूश होऊ नकोस, बागेचा फोटो माग, जमलं तर जाऊन ये. गॉल-मातराकडे दालचिनी सोलणारी माणसं बघण्यासारखी आहेत.

तुझे वडील म्हणतील, काकांनी लवंगेत काय कमावलं? फार नाही. आमच्या भावानं हिस्सा वेगळा केला तो याच मुद्द्यावर, आणि त्याचा बंगला माझ्यापेक्षा मोठा आहे, तेही तुझे वडील सांगतील. सांगू दे. त्याच्या खळ्यावर कंटेनर भरतात तेव्हा भाव तेजीत असतो. माझ्याकडे मंदीतही फोन यायचा. मला तमिळ शिकायचं राहून गेलं, नाहीतर अजून आले असते. तू शीक. वॉट्सअ‍ॅपवर भाषांतर करून भाव ठरवता येतो, माणूस नाही.

दुबईला विक, मी नको म्हणत नाही. पण कोलंबोचं गिऱ्हाईक पैशाला उशीर करतं म्हणून सोडायचं, हे कारण मला सांगू नकोस. आधी त्याच्याकडून पाच गोण्या लवंग मागव, त्याचं बिल तुझ्या कांद्याच्या येण्यात वळतं करता येतं का ते बँकेत विचार, आणि नाही म्हणाले तर कोणत्या नियमानं, हे लेखी घे. आयातीसाठी एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचं, वेगळं लायसन्स लागतं, प्लांट क्वारंटाइनचे, म्हणजे मालातून कीड-रोग येऊ नये म्हणूनचे, कागदही माल निघायच्या आधी बघून ठेव, मागाहून धावपळ केली की न्हावा-शेवा बंदरात माल अडकतो आणि रोजचं भाडं चढतं. आपल्या सीएचएला, कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटला, आजच फोन कर. तो म्हणेल, कांदेवाल्यांना कशाला हवी लवंग. त्याला माझं नाव सांग.

तुझा,
काका