खो-खोच्या नव्या प्रशिक्षकाला

पोरींना ओरडायचं की समजावायचं, असं विचारलंस. दोन्ही लागतं, पण वेळ ओळखावी लागते. चौकांत आठ जणी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या असतात. खो मिळाला की विचार करायला सवडच नसते, तेव्हा लांबून ओरडून काही पोहोचत नाही. खो देणं, उठणं, दिशा घेणं हे सरावातच कडक शिस्तीने घोटून घे. पळतीचं, म्हणजे पाठलाग चुकवत पळणाऱ्या मुलीचं, मात्र उलट. हुलकावणी कधी द्यायची ते तिचं तिला सुचू दे. बाद झाली तर "तुला काय दिसलं?" एवढंच विचार.

मी सुरुवातीला फार ओरडायचो. सहावीतली एक मुलगी खांबाजवळ सूर मारून पडली, गुडघा सोलला. तिने गुडघ्याकडे नाही, आधी माझ्याकडे बघितलं, घाबरून. ती नजर मी विसरलेलो नाही.

सचिन तेंडुलकरचे क्रिकेटचे गुरू आचरेकर सर कडकच होते, पण स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिन नाबाद राहिला की नाणं त्याचं. पळतीच्या सरावात असंच काहीतरी लाव. आणि उद्या आधी मैदानातले खडे वेचून घे, पाणी मार.